ध्वनिमुद्रणात माइकच्या किमतीपेक्षा त्याची जागा महत्त्वाची



गावातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या मोबाइलवर चित्रित करण्याचा संकल्प चि. अनुजाने केला असून त्यासाठी स्वस्तातला बिनतारी कॉलर माइकही घेतला आहे, हे कळून घरातील वडीलधाऱ्यांस संतोष झाला. या कामास महाराष्ट्रात थोर परंपरा आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने खेडोपाडीच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. ओवीचे शब्द कागदावर उतरवता येतात, परंतु म्हणणारीचा हेल आणि ओळ संपताना घेतलेला श्वास ध्वनिमुद्रणातच टिकतो; म्हणून चित्र किंचित अंधुक आले तरी चालेल, पण आवाज स्वच्छच हवा, हे तत्त्व प्रथम मनावर घ्यावे.

बिनतारी माइकचे दोन भाग असतात: कपड्यास लावायचा ट्रान्समीटर, जो आवाज रेडिओलहरींवाटे पाठवतो, आणि मोबाइलला जोडायचा रिसीव्हर, जो त्या लहरी झेलून आवाज मोबाइलच्या स्वाधीन करतो. या साधनाचा खरा लाभ जवळिकीत आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. त्यामुळे दोन मीटरवरील मोबाइलऐवजी तोंडापासून २० सेंटिमीटरवर माइक असल्यास गळा सुमारे २० डेसिबलने वर येतो, तर खोलीतील घुमारा आहे तेवढाच राहतो. दूर ठेवलेल्या महागड्या माइकपेक्षा जवळचा स्वस्त माइक सरस ठरतो, तो यामुळेच.

तथापि ‘जवळ’ म्हणजे नेमके कोठे, याचा विचार प्रत्येक वेळी करावा लागतो. हनुवटीखाली साधारण वीतभर अंतर योग्य असले, तरी दळणारी स्त्री प्रत्येक फेऱ्याबरोबर पुढे झुकते, तिचा पदर माइकवर घासतो आणि मंगळसूत्राचे मणी त्यावर आपटतात. हे आवाज नंतर काढून टाकता येत नाहीत. म्हणून पदर खोचून घेण्यास आणि मंगळसूत्र बाजूस घेण्यास तिला आदराने विनवावे व माइक तिच्या संमतीनेच लावावा. जात्यावर दोघी बसल्या असतील, तर दोन ट्रान्समीटरच्या संचातील एकेक दोघींस द्यावा.

असे बहुतेक स्वस्त माइक २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असतात आणि शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. यास्तव मोबाइल स्त्रीच्या पाठीमागे न ठेवता समोर ठेवावा, विमान मोड सुरू करावा आणि खोक्यावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला आहे, हे विसरू नये.

गेन म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा याचे प्रमाण. ते बोलण्यावरून न ठरवता गळा मोकळा सोडून म्हटलेल्या ओवीवरून ठरवावे आणि सर्वांत उंच सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावा, कारण शून्याची मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. गोंगाट कमी करण्याचे बटण असल्यास ते बंदच असावे. ही सोय एकसारख्या चालणाऱ्या आवाजास गोंगाट समजते, त्यामुळे जात्याची घरघर दाबताना ती गळ्याचाही कस घालवते, आणि ओवीच्या मुद्रणात ती घरघर हवीच असते.

कित्येकदा माइक जोडूनही कॅमेऱ्याचे ॲप मोबाइलच्याच माइकवरून आवाज घेत राहते. म्हणून प्रारंभी ट्रान्समीटरवर बोटाने हलकेच टिचकी मारून अर्धा मिनिट मुद्रण करावे आणि ते इअरफोनवर ऐकावे; टिचकी ठळक आली नाही, तर जोडणी चुकली आहे असे समजावे. ही तपासणी कितीही घाई असली तरी टाळू नये, कारण नव्वदीच्या आजीस तीच ओवी त्याच दमाने पुन्हा म्हणावयास लावणे योग्य नव्हे.

काम संपल्यावर म्हणणारीस तिचा आवाज ऐकवावा, फाइलीस तिचे नाव, गाव व तारीख द्यावी आणि दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. इतकी निष्ठा असेल, तर चि. अनुजाच्या हातून स्वस्त माइकवरही पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडेल असे काम होईल, याविषयी घरात कोणासही शंका नाही.

शुभचिंतक,
थोरले काका