दवात भिजलेले दोर

कार्तिकातली पहाट होती. कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेत गुळाचे रवे भरून पुण्यास निघालेल्या, फाळके नसलेल्या सपाट तळाच्या आमच्या मालमोटारीची जोखीम त्या दिवशी माझ्याकडे होती. आणि दवाने चिंब झालेले अंबाडीचे दोर हमालांनी आवळल्यावर ते तारेसारखे ताठ लागलेले पाहून मी निःशंक मनाने बिल्टी खिशात घातली.

अंबाडीचा तंतू पाणी पिऊन फुगतो, त्यामुळे पिळाचा दोर आखूड होऊन घट्ट भासतो, आणि उन्हात वाळताच तोच दोर सैल पडतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. शिवाय हादऱ्यांनी रवे एकमेकांत बसत जातात व थप्पी खचते. कऱ्हाडला चहा झाला, साताऱ्याला इंजिनात पाणी भरले. ताडपत्री नीटनेटकी दिसत होती, म्हणून तिच्याखालच्या दोरांना हात लावण्याची तसदी मी घेतली नाही. त्या काळी खंबाटकीला बोगदा नव्हता. घाट उतरताना एका वळणावर समोरून एस. टी. आली, चालकाने ब्रेक दाबला, आणि वरचे दोन थर ताडपत्रीसकट रस्त्याच्या कडेला कोसळले. कडेने मोळी घेऊन चाललेली एक बाई हातभर अंतराने वाचली. मोळी टाकून ती मटकन खाली बसली, आणि तिच्यापाशी गेल्यावर मला शब्द सुचेना. फुटलेल्या गुळाची नुकसानी पुढे हिशेबात भरून निघाली.

ताडपत्री माल झाकते. धरतात ते दोर, आणि त्यांच्याही आधी ठासून लावलेली थप्पी. पुढची ओळ केबिनमागच्या फळीला टेकलेली असावी व मधल्या फटी भुसकटाच्या पोत्यांनी बुजवाव्यात; कारण अमेरिकेच्या वाहतूक नियमांत मालाच्या वजनाच्या आठ दशांश जोर पुढे आणि निम्मा जोर बाजूला सोसेल असे बंधन मागितले आहे, म्हणजे १० टन माल असेल तर पुढे ८ टनांचा रेटा गृहीत धरावा लागतो. दोर जितका आडवा पडेल तितका त्याचा दाब घटतो. तळाशी ३० अंशांचा कोन झाला की ताणाच्या निम्माच दाब मालावर येतो, म्हणून बुटक्या थप्पीला दोर अधिक लागतात. धारदार कोपऱ्यावर दुमडलेले गोणपाट ठेवल्याखेरीज दोर टाकू नये.

ताडपत्र्या दोन असतील तर आधी मागची पसरावी, मग पुढचीचा काठ तिच्यावर यावा. उलट केल्यास वारा आत शिरून तिला शिडासारखी फुगवतो. मध्यभागी उंचवटा ठेवावा, नाहीतर अवकाळी पावसाचे पाणी साचून गुळात झिरपते.

पेठेतून निघालेल्या गाडीने पहिला थांबा कऱ्हाडलाच घ्यावा, परंतु चहाआधी ताडपत्रीचा काठ उचलून प्रत्येक दोर मुठीत धरून ओढून पाहावा. आणि दोर ओले असताना बांधलेले असतील, तर ऊन चढल्यावर साताऱ्यालाही पुन्हा आवळावेत.