कुवेतमधील स्त्रियांचा मताधिकार

राजेशाहीत स्त्रियांच्या हक्कांच्या आड राजाच येतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कुवेतचा इतिहास ही समजूत तपासून पाहावयास लावतो.

१९६२ च्या राज्यघटनेने कायद्यापुढे सर्वांना समान मानले; परंतु त्याच वर्षीच्या निवडणूक कायद्याने मताधिकार केवळ पुरुषांना दिला. मे १९९९ मध्ये अमीर शेख जाबेर यांनी वटहुकूम काढून तो स्त्रियांनाही दिला. नोव्हेंबरमध्ये संसदेने हा वटहुकूम फेटाळला. पाठोपाठ आलेले तशाच आशयाचे विधेयकही ३२ विरुद्ध ३० मतांनी पडले. मतदार पुरुष, सभासदही पुरुष. मग स्त्रियांची बाजू मांडणार कोण?

तरीही स्त्रिया मागे हटल्या नाहीत. त्यांनी निदर्शने केली, न्यायालयात दाद मागितली. अखेर १६ मे २००५ रोजी ३५ विरुद्ध २३ मतांनी कायदा बदलला. २००९ मध्ये चार स्त्रिया निवडून आल्या. पारपत्रासाठी पतीच्या संमतीची अटही घटना न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली.

मात्र मे २०२४ मध्ये अमिरांनी संसदच विसर्जित केली. म्हणजे ज्यांना मत नाही त्यांचा हक्क बहुमत नाकारू शकते. आणि संसदच नसेल तर मिळालेले मतही मुके होते. स्त्रीस्वातंत्र्याला लोकशाही हवी आणि लोकशाहीला स्त्री हवी, हाच यातील धडा होय.