वीजबिलाचा पाठ : कंपनी बदलण्याआधी बारा महिन्यांचा हिशेब



वीज महागणार अशी बातमी आली की घराघरात एकच प्रश्न निघतो, "आपण कंपनी बदलायची का?" शेजारच्यांनी बदलली, त्यांचं बिल कमी आलं, मग आपणही बदलू! पण शेजाऱ्याचा वापर आणि आपला वापर सारखा असतो का? हा प्रश्न पाचवी ते सातवीची मुलं गुणाकार-बेरजेवर सोडवू शकतात. म्हणून आजचा पाठ वीजबिलाचा.

पाठाची उद्दिष्टे
१. बिलातील आकार ओळखणे.
२. टप्प्यांनुसार (स्लॅब) बिल काढणे.
३. दोन दरांची वर्षभराच्या वापरावर तुलना करणे.

आधी थोडी माहिती
१००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. स्थिर आकार वापर शून्य असला तरी द्यावा लागतो. वहन आकार म्हणजे तारांमधून वीज आपल्या घरापर्यंत आणण्याचे पैसे.

महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत. इथे बऱ्याच मोठ्या माणसांचाही गैरसमज असतो. १०५ युनिट झाले की सगळेच युनिट महाग झाले, असे नाही. पहिले १०० पहिल्याच दराने, फक्त वरचे ५ पुढच्या दराने. मुलांकडून हे फळ्यावर करून घ्या.

कंपनी कोणाला बदलता येते?
महाराष्ट्रात बहुतेक घरांना महावितरण हाच पर्याय आहे. मुंबई उपनगरात मात्र निवड करता येते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला घरगुती ग्राहकांना वीज विकण्याचा मार्ग मोकळा केला. २००९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने दुसऱ्या कंपनीच्या तारांवरून वीज घेण्याची सोय करून दिली. त्या तारा तेव्हा रिलायन्सच्या होत्या, २०१८ पासून अदानीच्या आहेत. म्हणजे वीज एकाची आणि तारा दुसऱ्याच्या असे होऊ शकते. म्हणून नुसता वीज आकार पाहू नका, वहन आकार धरून बेरीज करा.

गणित
खालचे दर फक्त हिशेबासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत. वीज आणि वहन मिळून दर असा :

'अ' कंपनी : पहिले १०० युनिट ४ रुपये, पुढचे ९ रुपये.
'ब' कंपनी : पहिले १०० युनिट ५ रुपये, पुढचे ८ रुपये.
स्थिर आकार दोघांचा सारखाच, म्हणून सोडून देऊ.

उन्हाळ्यात एका घराचा वापर २६० युनिट.
अ : ४०० + (१६० × ९) = १८४० रुपये
ब : ५०० + (१६० × ८) = १७८० रुपये
'ब' ६० रुपयांनी स्वस्त! मे महिन्याचं बिल हातात घेऊन बसलेला माणूस लगेच 'ब' कडे जाईल.

आता त्याच घराचा एरवीचा वापर १२० युनिट घ्या.
अ : ४०० + (२० × ९) = ५८० रुपये
ब : ५०० + (२० × ८) = ६६० रुपये
इथे 'अ' ८० रुपयांनी स्वस्त.

उन्हाळ्याचे ४ महिने धरले तर 'ब' मुळे २४० रुपये वाचतात. उरलेल्या ८ महिन्यांत 'ब' मुळे ६४० रुपये जास्त जातात. म्हणजे वर्षाला ४०० रुपयांचा तोटा. मुलांना विचारा : किती युनिटला दोन्ही बिले सारखी येतील? (उत्तर : २०० युनिट.) वीज शुल्क टक्केवारीने लागते, त्यामुळे स्वस्त कोण हे बदलत नाही.

दरवाढीआधी बदलले तर?
ब्रिटनमध्ये ठराविक मुदतीसाठी युनिटचा दर बांधून देणारे करार मिळतात. आपल्याकडे दर आयोग ठरवतो. दरवाढीच्या आदल्या दिवशी कंपनी बदलली तरी जुना दर टिकत नाही. म्हणून घाई करण्यात फायदा नाही. दोन्ही कंपन्यांचे नवे दर हातात घ्या आणि मागच्या १२ महिन्यांच्या वापरावर मांडून पाहा. दर पुन्हा बदलले की हिशेबही पुन्हा करायचा.

वर्गात घेताना
मुलांना घरचे बिल आणायला सांगाल तर नाव आणि ग्राहक क्रमांक झाकायला सांगा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या काही मुलांकडे स्वतंत्र बिलच नसते, त्यांच्यासाठी एक नमुना बिल तयार ठेवा. कोणाचे बिल किती आले याची वर्गात चर्चा नको.

गृहपाठ
मागच्या १२ महिन्यांचे युनिट एका तक्त्यात लिहा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वापराचा महिना शोधा, कारण लिहा. तक्ता आई-बाबांना समजावून सांगा.

पालकहो, मुलाने तक्ता पुढे ठेवला की दहा मिनिटे काढून त्याच्याबरोबर बसा. कंपनी बदलायची की नाही हे त्यानंतर ठरवा.