महाधमनीचा सीटी स्कॅन : हिंगोलीहून निघण्याआधी खर्चाचा हिशोब

‘सीटी अँजिओ करून आणा’ एवढे ऐकून हिंगोली, कळमनुरी किंवा औंढ्याचा माणूस नांदेडची वाट धरतो आणि तिथल्या पहिल्याच खिडकीवर अडतो. अँजिओ कशाची? हृदयाची, मेंदूची, पायांची की महाधमनीची? प्रत्येकीचा दर निराळा. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तपासणीचे पूर्ण नाव लिहून घ्या. महाधमनी हृदयातून निघते, छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास तिच्या दोन शाखा होतात. छाती आणि पोट अशा दोन तपासण्या धरून काही सेंटर दोन बिले लावतात, तर काही ठिकाणी संपूर्ण महाधमनीचा एकच दर असतो. फोनवर एवढा एक प्रश्न विचारला तरी काही हजारांचा फरक कळतो.

खासगी सेंटरमध्ये या तपासणीला साधारण सात ते पंधरा हजार रुपये धरून चला. मात्र सांगितलेल्या दरात काय काय आले, हे खोदून विचारा. शिरेतून देतात ते आयोडीनचे औषध, म्हणजे लोक ज्याला ‘डाय’ म्हणतात ते, दरात धरले आहे की बाहेरून आणायचे? फिल्म, सीडी आणि रात्रीचा किंवा तातडीचा जादा आकार किती? तपासणीच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. बिलात तो वेगळा दिसला तर जाब विचारा.

पण खासगीकडे वळण्याआधी सरकारी दार ठोठवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र दुसऱ्या विभागाकडे येतात. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात शासकीय दराने शुल्क भरावे लागते. ते खासगीच्या मानाने बरेच कमी असते. हिंगोलीतही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे आधी चौकशी गावातच करावी. विचारताना ‘सीटी होतो का’ एवढ्यावर थांबू नका. महाधमनीसाठी डाय ठरावीक वेगाने सोडणारा इंजेक्टर लागतो. साधा सीटी होतो तिथे अँजिओ होतेच असे नाही.

रक्तातील क्रिएटिनिन मात्र निघण्याआधीच तपासा. शंभर ते तीनशे रुपयांची ही तपासणी आरोग्य विभागाच्या रुग्णालयात फुकट होते. डाय लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून मूत्रपिंडे कशी आहेत हे कळल्याशिवाय सेंटर तो सहसा देत नाही. रिपोर्ट नसेल तर खेप वाया जाते, सोबतच्या माणसाची मजुरीही बुडते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, पूर्वी डायची ॲलर्जी झाली असेल, थायरॉईडचा त्रास किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी मनाने बंद करू नका. किती तास उपाशी राहायचे तेही विचारून घ्या; पाणी बहुतेक ठिकाणी चालते. डाय शिरताना अंगात ऊब पसरते, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखे वाटते. यात घाबरण्यासारखे काही नाही. खाज, सूज किंवा दम लागला तर मात्र लगेच सांगा, आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबा.

प्रवासात एसटीची सवलत वापरा. महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट, ७५ पुढच्यांना मोफत. वसमतकरांना नांदेड जवळच आहे. हिंगोलीहून पूर्णेकडे आणि अकोल्याकडे रेल्वेही जाते.

सगळ्यात महाग पडतो तो दुसऱ्यांदा करावा लागलेला स्कॅन. पुढे संभाजीनगर किंवा मुंबईच्या सर्जनला नुसती फिल्म पुरत नाही. त्यांना संगणकावर प्रत्येक कापातली धमनी मोजायची असते. म्हणून सीडी घेतल्याशिवाय सेंटर सोडू नका, तिची एक प्रत घरी ठेवा आणि रिपोर्टमध्ये धमनीची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिली आहे ना, ते पाहा. पोटातल्या महाधमनीचा फुगा लहान असेल तर त्यावर नजर ठेवायला दर वेळी सीटी लागतोच असे नाही. बहुतेकदा सोनोग्राफी पुरते, पैसे वाचतात आणि किरणेही टळतात. तेवढे डॉक्टरांना जरूर विचारा. पुरुषांत हा फुगा साधारण साडेपाच सेंटिमीटरला पोचला की शस्त्रक्रियेचा विचार होतो, स्त्रियांत पाचच्या आसपास.

हा सारा हिशोब सवड असलेल्यांसाठी. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, घाम फुटला, भोवळ आली, तर दर विचारत फिरू नका. धमनीचा आतला थर फाटला असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

शस्त्रक्रिया ठरली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. बाहेरून केलेल्या स्कॅनचे पैसे त्यात सहसा मिळत नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात दाखल होऊन मंजुरी मिळाली की उपचाराशी जोडलेल्या तपासण्या पॅकेजमध्ये येतात. म्हणून खासगीत पैसे भरण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा, नाहीतर १५५३८८ या टोल फ्री क्रमांकावर विचारा.