मन जडायच्या आधी फोटो तपास

बेटा, आपल्याकडे सोयरीक जुळायच्या आधी कोणीतरी पोराच्या गावी जाऊन येतं. वावर स्वतःचं की ठेक्याचं, पोरगा पितो का, घरात कोर्टकचेरी आहे का, हे किराणा दुकानात नि पानठेल्यावर विचारल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. आता ओळख मोबाईलवर होते आणि चौकशी तेवढी राहून जाते. तीच चौकशी मोबाईलवर कशी करायची, ते सांगतो.

पहिलं, समोरच्याची घाई ओळख. लग्नाची नड केवढी मोठी आहे, ते आधी बघ. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात बिनलग्नाच्या पोरांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही, हे दुःख आपल्याकडच्या समुद्रपूर, गिरड, मांडगावातही घरोघरी आहे. घटस्फोट झालेल्या, नवरा गेलेल्या बायकांचा एकटेपणा वेगळाच. ठग नेमकी हीच नड हेरतो. चार दिवसांत कोणी ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ म्हणू लागलं, तर तू दोन पावलं मागे घे.

दुसरं, बोलणं वाढायच्या आधी फोटो शोधून पाहा. प्रोफाईलमधल्या फोटोचा स्क्रीनशॉट घे. नाव, बटणं सगळं कापून नुसता फोटो ठेव. गुगल ॲपच्या शोधपट्टीत कॅमेऱ्याचं चिन्ह असतं, ते लेन्स. त्यात हा फोटो टाक. खाली निव्वळ सारखे दिसणारे चेहरे आले तर त्यावरून काही ठरवू नको; हुबेहूब तोच फोटो कुठे आहे, ते पाहा. तोच फोटो दुसऱ्या नावानं, दुसऱ्या गावच्या माणसाच्या खात्यावर किंवा एखाद्या मॉडेलच्या पानावर निघाला, तर बोलणं तिथंच थांबव. मग टिनआय नावाच्या संकेतस्थळावरही टाकून बघ. तिथं सापडलेले फोटो जुन्यापासून नव्याकडे लावता येतात. काही ठग फोटो आरशासारखा उलटा करतात. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली, तर फोटो सुलटा करून पुन्हा शोध. एकाच फोटोवर थांबू नको, प्रोफाईलमधले सगळे बघ.

तिसरं, काही सापडलं नाही म्हणजे माणूस खरा, असं समजू नको. लॉक केलेल्या खात्यातून चोरलेला फोटो शोधात येत नाही. एआयनं बनवलेला चेहरा तर जगात कोणाचाच नसतो. म्हणून व्हिडिओ कॉल कर. चेहरा डावी-उजवीकडे वळवायला, हात चेहऱ्यासमोरून फिरवायला सांग. दरवेळी कॅमेरा बिघडलेलाच असेल, तर समजून जा. अनोळखी माणसासमोर कॅमेऱ्यात कपडे मात्र कधीच काढू नको. त्याचंच रेकॉर्डिंग दाखवून पैसे उकळतात.

चौथं, फोटो खरा असला तरी माणूस खोटा असू शकतो. 2024 च्या जुलैत नालासोपाऱ्याच्या एका महिलेच्या तक्रारीवरून पोलिसांनी कल्याणहून एकाला पकडलं. विवाहाच्या संकेतस्थळांवर ओळख काढून त्यानं 20 हून जास्त बायकांना फसवल्याचा आरोप आहे. तो प्रत्यक्ष भेटत होता, म्हणजे नुसत्या फोटोच्या शोधानं तो सापडला नसता. अशा ठिकाणी जुनी रीतच कामाची. मामेकूळ कोणतं, सोयरे कोण, नोकरी कोणत्या ऑफिसात, हे विचार आणि तिकडच्या नातेवाइकाकडून पडताळून घे. खरा माणूस चौकशीला रागावत नाही, उलट तोही तुझी करतो.

पाचवं, पैशाचं नाव निघालं की विषय संपला. विमानतळावर अडकलेलं गिफ्टचं पार्सल, आईचं ऑपरेशन, दुप्पट करून देणारं ट्रेडिंग ॲप, कारण कोणतंही असो. वर्षभर राबून विकलेल्या कापसाचा पैसा न पाहिलेल्या माणसाला द्यायचा नाही. आधार कार्ड, ओटीपीही नाही.

आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नको. लगेच 1930 वर फोन कर, बँकेला कळव, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाक. जितक्या लवकर सांगशील, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवायची आशा जास्त. ब्लॉक करायच्या आधी चॅट, नंबर, प्रोफाईल नि व्यवहाराचा क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढून ठेव. संगणकाच्या आधारे दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ड खाली गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद होते.

एक मात्र सांभाळ. ज्याचा फोटो चोरला, तो बिचारा यात गुन्हेगार नाही. ‘हा ठग आहे’ म्हणून त्याचा चेहरा व्हॉट्सॲपवर फिरवू नको. जमलं तर त्यालाच कळव. आणि घरी पोरानं किंवा पोरीनं असं काही सांगितलं, तर मोठ्यांनी आधी ऐकून घ्यावं. बोलणी बसतील या भीतीनं गप्प राहिलेलं लेकरू ठगाच्या हाती आणखी अडकतं.