मॉडेल निवडण्यापूर्वी आपले दप्तर उघडा

काटा विकत घेताना तो किती क्विंटलचा हवा, चाळणीचे छिद्र किती मापाचे हवे, मोटार किती अश्वशक्तीची पुरेल याची बारकाईने चौकशी करणारा आमच्या लातूरच्या मोंढ्यातील व्यापारी, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलाचा विषय निघाला की मात्र ‘सर्वांत मोठे कोणते’ एवढाच प्रश्न विचारतो, आणि विकणाराही त्यास तेवढेच उत्तर देऊन मोकळा होतो. आडत आणि डाळ मिल या दोन्ही व्यवसायांचे दप्तर माझ्या देखरेखीखाली असल्यामुळे ही मॉडेले कामास लावताना जे अनुभवास आले, ते उदगीर, नांदेड, हिंगोलीकडील ज्या पेढ्या आज त्याच विचारात आहेत त्यांच्या उपयोगी पडेल या एकाच हेतूने येथे नमूद करीत आहे.

आमच्याकडे आलेल्या प्रस्तावात एकाच मॉडेलाकडून सर्व कामे करून घेण्याची तजवीज होती: हिशेबपट्ट्या वाचून संगणकात चढविणे, शेतकऱ्यांच्या फोनला उत्तरे देणे, डाळीची प्रत ठरविणे आणि उद्याचा भाव सांगणे. प्रात्यक्षिक निर्दोष झाले. परंतु ते इंग्रजीत छापलेल्या स्वच्छ बिलांवर झाले होते. आम्ही आग्रह धरून मागील हंगामातील आमच्याच पट्ट्यांचा एक गठ्ठा पुढे ठेवला, तेव्हा चित्र पालटले. कार्बनच्या दुसऱ्या प्रतीवरील, मुनीमजींच्या घाईच्या हस्ताक्षरातील १ आणि ९ यांची अदलाबदल होणे मी समजू शकतो, कारण नवा कारकूनही तेथे अडखळतो. पण नवा कारकून अडखळला म्हणजे विचारतो, आणि हे मॉडेल विचारीत नव्हते. हमालीचा रकाना कोरा असेल तेथे ते शेजारच्या पट्टीस शोभेल असा आकडा स्वतःच्या मनाने भरीत होते, आणि तो आकडा इतका संभाव्य असे की वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानातही येऊ नये. भाषिक मॉडेलाचा मूळ स्वभावच पुढे काय येणे संभवते याचा अंदाज बांधण्याचा आहे. पत्राचा मसुदा करताना जो स्वभाव गुण ठरतो, तोच खतावणीत घातक ठरतो. शेवटी आम्ही वाचनाचे काम छायाचित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या स्वतंत्र मॉडेलाकडे दिले, आणि वजन गुणिले भाव वजा तोलाई-हमाली ही रक्कम पट्टीवरील एकूण रकमेशी जुळते की नाही हे पाहण्यासाठी एक साधा हिशेबी प्रोग्राम ठेवला, ज्यात बुद्धिमत्तेचा अंशही नाही. जी पट्टी जुळत नाही ती मुनीमजींपुढे जाते. ज्या कामाला निश्चित सूत्र आहे ते काम मॉडेलाकडे देऊच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

शेतकऱ्यांना उत्तरे देण्याच्या कामात निराळाच धोका दिसला. चाचणीच्या वेळी सोयाबीनचा हमीभाव विचारला असता मॉडेलाने ४,८९२ रुपये असे ठामपणे सांगितले. तो आकडा २०२४-२५ च्या हंगामाचा होता. २०२५-२६ साठी केंद्र सरकारने ५,३२८ रुपये जाहीर केलेले होते. मॉडेलाचे ज्ञान ज्या दिवशी त्याचे शिक्षण थांबते त्या दिवशी गोठते, हे विकणाऱ्याने आपण होऊन सांगितले नव्हते. क्विंटलमागे ४३६ रुपयांचा हा फरक माल घेऊन निघालेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक नाही, आणि अशा उत्तराची जबाबदारी यंत्रावर ढकलताही येत नाही. कॅनडात एअर कॅनडा या विमान कंपनीच्या स्वयंचलित संवादकाने एका प्रवाशास सवलतीच्या भाड्याची चुकीची माहिती दिली. संवादक आपल्या कृत्यांना स्वतंत्रपणे जबाबदार आहे असा बचाव कंपनीने केला. पण तेथील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने २०२४ च्या फेब्रुवारीत तो फेटाळून नुकसानभरपाईचा आदेश दिला. म्हणून दर, तारीख, ओलाव्याची मर्यादा अशी प्रत्येक माहिती मॉडेलाच्या स्मरणातून न घेता त्या दिवशी आपण रुजू केलेल्या कागदातूनच घेतली जाईल, आणि कागदात नसेल तर ‘पेढीवर विचारा’ असेच उत्तर मिळेल, अशी व्यवस्था आधी करून घ्यावी.

बोलण्यावरून लिहून घेणाऱ्या मॉडेलांविषयी थोडक्यात सांगतो. पुण्यामुंबईच्या बोलण्यावर उत्तम चालणारे मॉडेल बिदर-भालकीकडून आलेल्या शेतकऱ्याच्या कन्नड आणि दखनी मिसळलेल्या मराठीपुढे थबकते, आणि ‘चव्वेचाळीसशे पन्नास’ किंवा ‘पावणेपाच हजार’ हे आकड्यांत बरोबर उतरवील याची शाश्वती आपल्या मोंढ्यातील आवाज ऐकविल्याखेरीज मिळत नाही.

डाळीच्या प्रतीसाठी आम्हांस नवे काहीच घ्यावे लागले नाही. मिलमधील सॉर्टेक्स यंत्र कॅमेऱ्याने दाणा पाहून काळा, डागी दाणा हवेच्या झोताने बाजूला काढते. ते एवढे एकच काम जाणते, आणि म्हणूनच ते विश्वासार्ह आहे. हे यंत्र पत्रे लिहीत नाही अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

भावाचे भाकीत हा मात्र सर्वांत मोहाचा विषय, आणि येथे मी अधिक कठोर आहे. अमेरिकेतील झिलो या कंपनीने घरांच्या किमतीचे भाकीत करणाऱ्या मॉडेलावर विसंबून घरे खरेदी केली, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात प्रचंड तोटा सोसून तो व्यवसायच बंद केला. तेथे माहितीचा वा तज्ज्ञांचा तुटवडा नव्हता. आपल्याकडे तर २०२४ च्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झाले आणि २०२५ च्या मे अखेरीस ते १० टक्क्यांवर आले. सरकारचा असा एक आदेश रात्रीतून सोयाबीनचा बाजार हलवू शकतो, आणि जुन्या भावांच्या मालिकेत तो आदेश कोठेही लिहिलेला नसतो. आमच्या पेढीवर भाव सांगणारे मॉडेल नाही आणि ते आणण्याचा विचारही नाही.

खर्चाचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही मॉडेले मजकुराचे लहान तुकडे करून वाचतात आणि आकारणी तुकड्यांवर होते. इंग्रजीप्रधान मॉडेलात देवनागरी शब्दाचे तुकडे बहुधा अधिक पडतात, म्हणून दरपत्रकातील स्वस्ताई मराठी दप्तरास लागू पडेलच असे नाही. शिवाय भाड्याचे मॉडेल मालकाच्या मर्जीने बंद होऊ शकते. ओपनएआयने आपली काही जुनी मॉडेले २०२४ च्या जानेवारीत कायमची बंद केली. यास्तव कसोटीचा गठ्ठा जपून ठेवावा, म्हणजे नव्या मॉडेलाची परीक्षा पुन्हा घेता येते. पट्टीवर शेतकऱ्याचा मोबाइल आणि बँकखाते असते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यान्वये त्याचा जिम्मा आपल्यावर येतो. ज्यांना हे कागद बाहेर पाठविणे अप्रशस्त वाटते त्यांनी लामा किंवा जेमा यांसारखी, आपल्याच संगणकावर चालविता येणारी मॉडेले आधी तपासून पाहावीत.

पुण्यातील एलथ्रीक्यूब या गटाने मराठीसाठी खास मॉडेले आणि मजकूरसंग्रह खुले केले आहेत, आणि भारत सरकारचा भाषिणी उपक्रमही चालू आहे. परंतु मोंढ्यातली पट्टी आणि मोंढ्यातला आवाज या मंडळींपर्यंत आपणांखेरीज कोण पोहोचविणार? लातूर, उदगीर आणि नांदेडच्या पेढ्यांनी शेतकऱ्यांची संमती घेऊन, नावे, खाती व मोबाइल क्रमांक पुसून, आपापल्या पट्ट्यांचा एक सामाईक संग्रह करावा आणि तो मराठीवर काम करणाऱ्या संशोधकांच्या स्वाधीन करावा, अशी माझी सर्व आडत्यांना आणि मिलमालकांना आग्रहाची विनंती आहे. आमच्या पेढीचा वाटा देण्यास आम्ही तयार आहोत.