व्हॅनमधली वीज : हिशेब शेगडीपासून

प्रश्न : जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करतोय. फ्रिज, पंखा, दिवे आणि इंडक्शन शेगडीला किती बॅटरी लागेल?

उत्तर : शेगडीचा मोह सोडा. २००० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १६५ अँपिअरहून जास्त प्रवाह ओढते. स्वयंपाक गाडीबाहेर गॅसवरच बरा. बाकी सोपं आहे. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॅट-तास घेतो, पंखा-दिवे आणखी २५०. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १२८० वॅट-तास साठवते, म्हणजे दीड दिवस निघतो. ती अल्टरनेटरला थेट जोडू नका, तो जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवा. तो नसेल, तर घासलेली एक वायर झोपेत आग लावू शकते. आणि कृपा करून गाडीच्या रचनेला हात लावण्याआधी आरटीओची परवानगी घ्या.